मायच्या कॅसेटवर भरलेला पिक्चर

आबा, उद्या तुमच्या दुकानासमोर चार लोकांत मी तुमची अब्रू काढणार आहे. आधी कळवते आहे, म्हणजे अचानक केलं असं व्हायला नको. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली. शहराच्या पाट्या बदलल्या, पण शहागंजात अजून कुणी ना कुणी भेटतंच. तू त्या कॅसेटवाल्याची मुलगी ना, काय माणूस होता, पिक्चर लागला की दुसऱ्या दिवशी गाणी हातात! मी मान हलवते आणि भाजी घेऊन पुढं निघते. इतकी वर्षं नुसती मान हलवत आले. उद्या हलवणार नाही.

निमित्त त्या पिक्चरचं. कुठला, ते तुम्हाला सांगायला नको. ज्याच्या तिकिटासाठी लोकांनी थेटराच्या खिडकीचे गज वाकवले होते, तोच. जुने गाजलेले पिक्चर परत लावायची आता टूम निघाली आहे, तसा तो जालना रोडवरच्या मॉलमध्ये पुन्हा लागलाय, मऊ खुर्च्या आणि थंडगार हवेत. कंपनीनं त्याची गाणीही साफसूफ करून नव्यानं विकायला काढली आहेत. कायदेशीर. पैसे भरायचे, फाईल आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची, मग ती आपली. काल मी ती घेतली. तुम्ही त्या पिक्चरची गाणी अख्ख्या मराठवाड्याला भरून विकलीत आणि ज्यांनी ती केली त्यांच्या हातावर काही ठेवलं नाहीत. मी ठेवलं. खरेदीबद्दल आभार, असं पडद्यावर आलं तेव्हा मी मोठ्यानं हसले, एकटीच.

ही पहिली खेप नाही. दर वर्षी तुमच्या स्मृतिदिनाला भावाच्या घरी वंदना होते, पंचशील होतं, खीर होते. मी जाते, हात जोडून बसते, खीर खाते. मग चिकलठाण्याला माझ्या फ्लॅटवर येते, संगणक उघडते आणि तुम्ही भरून विकलेल्या एखाद्या मोठ्या पिक्चरची गाणी विकत घेते. दर वर्षी एक पिक्चर. कारखान्यात माझ्या शेजारी बसणारी पोरगी म्हणते, "मॅडम, सगळं फुकट ऐकायला मिळतं की आता, कशाला विकत घेता?" मी तिला सांगितलं, फुकट ऐकलं की मला माझे आबा आठवतात. तिला वाटलं मी हळवी झाले. विकतच्या गाण्यांबरोबर एक चोपडीही उतरते, आबा. तिच्यात लिहिणाऱ्याचं नाव असतं, चाल लावणाऱ्याचं असतं, बासरी कुणी वाजवली, मागं कोरसला कोण उभं होतं, तेही असतं. तुमच्या कॅसेटच्या कागदावर काय असायचं? वर पिक्चरचं नाव, खाली दुकानाचा पत्ता.

आणि तो तुमचा आवाज. दुसऱ्या गाण्याच्या मधोमध, दोन कडव्यांच्या सांध्यावर तुम्ही घुसायचे. दुसऱ्या दुकानदारानं आपली कॅसेट चोरून त्यावरून भरू नये म्हणून! चोराच्या घरी चोरी होऊ नये म्हणून केवढा बंदोबस्त. आवाज घुमवणारं यंत्र लावून, छाती फुगवून म्हणायचे, "ये कॅसेट शहागंज में भरी गई है, घडी के पीछे, असली आवाज की असली दुकान." पहिल्या वर्षी विकतचं गाणं ऐकलं तेव्हा त्या सांध्यावर मी कान टवकारून बसले होते. तिथं सारंगीचा एक तुकडा निघाला. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेलं गाणं, आणि त्यात सारंगी आहे हे मला चाळिशीकडं झुकताना कळलं. तुम्ही तिच्यावर बसला होता. मला झालेला आनंद तुम्हाला सांगून कळायचा नाही. एका गाण्यातून तुम्हाला उठवलं होतं.

दुकान कसं होतं, ते तुम्ही मला विसरू दिलं नाहीत. घड्याळाच्या मनोऱ्यामागची गल्ली, शेजारी चाचांचं शिवणकाम, समोर अत्तरवाला. दोन बाय तीन पावलांच्या जागेत भिंतीला लावलेली मशीनं, एकावर एक, आणि त्यांच्या चाकांची ती सततची घरघर. गिऱ्हाईक यायचं, "भाई, नए पिच्चर का भर देव ना, शाम को बारात है." शाळा सुटली की मी थेट तिथं. माझं काम भोकं बुजवायचं. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांना दोन बारीक दात असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, मशीनचं बटणच दाबलं जात नाही. लोक कंटाळलेल्या जुन्या कॅसेटी आणून द्यायचे, त्यांवर नवा पिक्चर भरून मागायचे. मग मोडलेल्या दातांची भोकं बुजवायला लागायची. तुम्ही सिगारेटच्या पाकिटातली चांदी वापरायचे, मी वहीचा कागद. पत्र्याच्या ट्रेमध्ये कॅसेटी पाठ वर करून दाटीवाटीनं उभ्या असत आणि मी पाढे म्हणत म्हणत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जायची. भोक बुजलं म्हणजे कॅसेट मोकळी, असा आपल्या दुकानाचा नियम होता. भरून झाली की तुम्ही तिच्या पाठीवरून दुकानाची पिवळी पट्टी चिकटवायचे, अंगठ्यानं दाबून दाबून.

आता मायचं. माय जयंतीला गायची हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती घरी भाकरी थापताना गायची तेव्हा जास्त चांगली गायची, हे फक्त आपल्याला ठाऊक. तुम्हीच एका रविवारी दुकानातलं मशीन घरी उचलून आणलं. माईकला रुमाल गुंडाळून चुलीपासून लांब धरलात आणि तिला म्हणालात, जयंतीची गाणी म्हण. तिनं चार म्हटली. चौथ्यात तिला हसू फुटलं. "आवो, बंद करा की आता, दमले मी. पोरगी बघा कशी बघायलीय," असं ती म्हणाली तेही त्यात आलं. पोरगी म्हणजे मी. भाऊ तेव्हा तिच्या मांडीवर होता. भरून झाल्यावर तुम्ही स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं कॅसेटचे दोन्ही दात मोडलेत आणि म्हणालात, "आता ह्याच्यावर कुणाच्या बापालाबी काय भरता यायचं नाय." पुढच्या थंडीत माय काविळीनं गेली. मी अकरा वर्षांची होते. दुकानात गेलं की आधी मी ती कॅसेट लावायची, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. तिचा श्वास कुठं तुटतो, मागं तवा कुठं वाजतो, सगळं पाठ होतं. तुम्ही म्हणायचे, कॅसेट झिजंल. मी म्हणायची, झिजू द्या.

दोन वर्षांनी तो पिक्चर आला. शहर येडं झालं होतं. रिक्षावर भोंगा लावून पिक्चरवाले गल्लीगल्लीत हिरो-हिरॉइनची पत्रकं उधळायचे. कोऱ्या कॅसेटी बाजारातून संपल्या, तुम्ही जुन्यांवर भरायला लागलात आणि दिवसभर मशीनं तापून गल्लीत प्लॅस्टिकचा वास यायचा. अशाच एका दुपारी मी आपली मायची कॅसेट शोधायला लागले. ती भरलेल्या कॅसेटींच्या ढिगात सापडली. खालच्या अंगाला चिरलेला कोपरा होता म्हणून ओळखली, बाकी वरून पिवळी पट्टी आणि पट्टीवर पिक्चरचं नाव. मी ती मशीनमध्ये घातली. ढोल वाजले. मग पहिलं गाणं. मग दुसरं. मी पुढं पळवली, मागं पळवली, बाजू उलटली. शेवटी कानात तुम्ही बोललात. असली आवाज की असली दुकान.

मी ओरडले ते चाचा शिवणयंत्र सोडून पळत आले. "ही मायची हाय! माय कुठंय ह्याच्यात? सांगा, कुठंय?" तुम्ही कॅसेट हातात घेतलीत. मला स्वच्छ दिसतंय. तुम्ही ती उलटी केली, अंगठ्याच्या नखानं पिवळ्या पट्टीचा कोपरा उचलला, खाली पाहिलं, कोपरा परत चिकटवला आणि त्यावरून दोनदा अंगठा फिरवला. मग म्हणालात, "चुकलं माझं." बस. दोन शब्द. मी विचारलं, दात मोडला होता ना? तुम्हीच मोडला होता ना? मग भोक बुजवल्याशिवाय मशीन चाललं कसं? तुमच्या हातानं तुम्ही बुजवलंत, तुमच्या हातानं आत घातलंत, तिच्या तोंडावर ढोल वाजवलेत. आणि मी समोर रडत असताना तुम्हाला पट्टीचा कोपरा सरळ करायचं सुचलं! मला त्या अंगठ्याची जेवढी चीड आली तेवढी आयुष्यात कशाचीच आली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रे माझ्यापुढून उचललात. "तू अभ्यास कर, दुकानात नको येत जाऊ." मला तोंड दाखवायची लाज वाटत असणार, असं मी समजले आणि मला बरं वाटलं. महिन्याभरानं माझ्या ताटाशेजारी तुम्ही त्याच पिक्चरची ओरिजिनल कॅसेट ठेवलीत. कंपनीची, सीलबंद. उभ्या जन्मात कुणाला ओरिजिनल भेट न दिलेल्या माणसाची भेट. मी म्हटलं, "ह्याचं काय करू? चाटू?" आणि सकाळी ती तुमच्याच काचेच्या कपाटात नेऊन ठेवली. तुम्ही ती विकली नाहीत, फोडलीही नाहीत. ऊन लागून हिरोचा चेहरा पांढरा पडला तरी ती तिथंच होती. मी डिप्लोमाला वसतिगृहात गेले, नोकरीला लागले, तुमच्याशी हं आणि नाय एवढंच बोलत राहिले. शेवटी दवाखान्यात तुम्ही माझा हात धरलात. सलाईनची नळी नीट करायच्या निमित्तानं मी तो सोडवून घेतला. हे मी विसरले नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलेलं नाही.

तर उद्या. भाऊ तुमच्याच जागेत मोबाईल दुरुस्त करतो, तुमचा फोटो त्यानं वर लावलाय. पिक्चर परत लागला म्हणून त्यानं जुन्या गिऱ्हाइकांना चहाला बोलावलंय आणि त्याला तुमची कॅसेट वाजवायची आहे. "ताई, तुझ्याकडची दे ना. बाकीच्या बुरशीनं गेल्या. आबांचा आवाज तेवढ्या एकाच कॅसेटीत राहिलाय." माझ्याकडं ती लोखंडी कपाटात रुमालात बांधलेली आहे, पोलीस मुद्देमाल ठेवतात तशी. देते म्हटलं. तुमचा आवाज आला की मी मशीन बंद करणार आणि सगळ्यांना सांगणार की ह्या बढाईच्या खाली एक बाई गात होती, ती ह्या माणसाची बायको होती. मग मोबाईलवर विकत घेतलेलं गाणं लावणार, तुमच्याशिवायचं. मायचं गाणं जगातल्या कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही, आबा. मिळत असतं तर मी हे सगळे पिक्चर तुम्हाला माफ केले असते.

हे इथवर शुक्रवारी लिहिलं होतं. आज रविवार आहे.

काल दहा-बारा माणसं आली होती. चाचा काठी टेकत आले, आता त्यांना दिसत नाही फारसं. अत्तरवाल्याचा मुलगा, दोन रिक्षावाले, आपल्या वस्तीतल्या दोन मावश्या. भावानं कुठूनसं जुनं मशीन आणून ठेवलं होतं. कॅसेट घातली तर फिरेना. त्यानं काढून उजेडात धरली. "आतली गादी निसटून चाकात अडकलीय. खोलावं लागंल. पण ही पट्टी दोन्ही भागांवर चिकटलीय ताई, ती काढल्याबिगर भाग सुटायचे नायत." त्यानं मोबाईलची काच सोडवायचं गरम हवेचं यंत्र लावलं आणि पट्टी अख्खी, न फाटता उचलली. तुमची पट्टी, तुम्ही दाबून बसवलेली. स्क्रू काढले, वरचा भाग उचलला, आणि भोकातला कागद काचेवर पडला.

मी चांदी शोधत होते. सिगारेटची चांदी. तो कागद होता. नखानं उलगडला. जांभळ्या चौकटी, गणिताच्या वहीच्या. एका चौकटीत नऊचा आकडा, उजवीकडं झुकलेला, पोटात फार मोठा. कारखान्यात सगळे मला त्या नऊवरून हसतात, अजूनही तसाच काढते. त्याच्यावर बाईंच्या लाल शाईची अर्धी फुली.

कारखान्यात माझं काम हेच आहे, आबा, दोष कुठून आत शिरला ते शोधायचं. तिथल्या तिथं उभं राहून मी तो शोधला. तेव्हा मायच्या गाण्याच्या मध्येच भोंग्याची रिक्षा गल्लीत आली होती. मी हेडफोन काढून, कॅसेट तशीच ट्रेशेजारी टाकून पत्रकं गोळा करायला धावले होते. हिरॉइनचं एक मिळालं म्हणून केवढी खूश होते. ती कॅसेट ट्रेमध्ये उभी कुणी केली, माहीत नाही. कुणी का असेना. मी परत आले, पाठी वर होत्या, पाढे म्हणत सगळी भोकं बुजवली. तुम्ही नियमाप्रमाणं बुजलेली कॅसेट उचललीत. आणि त्या दुपारी पट्टीचा कोपरा उचललात तेव्हा तुम्हाला खाली ह्या जांभळ्या चौकटी दिसल्या. तुम्ही झाकल्या. वरून दोनदा अंगठा फिरवलात, मला दिसू नये म्हणून.

"क्या निकला बेटा?" चाचांनी विचारलं. मी म्हटलं, "कुछ नहीं चाचा. कचरा." भावानं गादी चिकटवली, मशीन चाललं, ढोल वाजले. तुमचा आवाज आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका मावशीनं पदर डोळ्याला लावला. माझा मोबाईल पर्समध्ये होता, विकतचं गाणं त्यात होतं. मी ते लावलं नाही. कागद मुठीत धरून उभी होते आणि मला तुमचा असा राग आला, आबा, की आधीचा सगळा राग त्याच्यापुढं काहीच नाही. का नाही सांगितलंत? तेरा वर्षांची पोरगी, चार दिवस जेवली नसती, आठवडाभर रडली असती, मग कधीतरी तुमच्याच कुशीत येऊन झोपली असती. तुम्ही मला वाचवायला गेलात आणि त्यात माझा बापही गेला. माय एकदा पुसली गेली होती, तुम्ही स्वतःला रोज पुसत राहिलात आणि मला वाटत राहिलं मीच ते करते आहे. तुम्हाला काय अधिकार होता? त्या दवाखान्यात तरी बोलायचं होतं. मी हात सोडवत होते तेव्हा तरी.

ह्या पत्राला पत्ता नाही. वाचणारा असा एकच माणूस उरलाय, भाऊ, आणि त्याला मी हे दाखवणार नाही. वर पानभर मी तुम्ही बुजवलंत, तुम्ही घातलंत असं लिहून ठेवलंय. ते खोडायला मघाशी पेन उचललं होतं, परत ठेवलं. काल लोक गेल्यावर कपबश्या विसळताना भाऊ म्हणाला, "आबांचा आवाज ऐकून बरं वाटलं बघ. पण लई राग बी आला. मायचा आवाज मला एकदा बी ऐकायला मिळाला नाय, तो ह्यांच्यामुळंच ना?" कागद तेव्हाही माझ्या मुठीतच होता.

मी म्हटलं, "व्हय."